आप्पांचा उजवा पाय

त्या रविवारी माझ्या सासऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

हे वाक्य त्या एका दिवसात मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की संध्याकाळपर्यंत माझाच त्यावरचा विश्वास उडाला. पण खरं तेच होतं. आप्पा ठणठणीत होते. सकाळी शिळी भाकरी, झुणका आणि दोन कप चहा असा नाश्ता करून त्यांनी दिलेली ढेकर खालच्या मजल्यापर्यंत पोचली होती. तरीही त्याच संध्याकाळी त्यांना शेवटचं बघायला म्हणून एक जीप भरून माणसं घाट उतरून आली. ह्या सगळ्याला कारणीभूत मी. आणि माझं शिक्षण!

मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी! (प्रवेशाची वयाची अट संपता संपता मी दारातून आत उडी मारली होती.) जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा. तो झाला आणि कौन्सिलकडे नोंदणी झाली की माणूस अधिकृत नर्स होतो. हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं सासूबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. मी आठवडाभर वॉर्डात त्यांच्याजवळ होते, पण माझं निम्मं लक्ष सिस्टरांच्या हातांकडे. सलाईन कसं लावतात, चादर कशी ताणतात, नाडी बघताना घड्याळाकडे कशा बघतात! शेवटी सिस्टर वैतागून म्हणाल्या, "अहो ताई, एवढी हौस आहे तर शिका की! माझ्या मागे मागे काय फिरता?"

मी घरी येऊन जाहीर केलं की मी शिकणार.

माझा नवरा दिलीप न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. तो म्हणाला, "कर ना, टेन्शन काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या, "पोरांकडं मी बघते. तू शीक." आणि आप्पा, ज्यांचा सगळा जन्म कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवण्यात गेला, ते म्हणाले, "शीक की! घरात एक तरी माणूस बसून पगार घेणारं पायजे." (नर्स बसून काम करते हा त्यांचा समज मी पुढे तीन वर्षांत दूर करू शकले नाही.)

विरोध एकटीचाच होता. आप्पांच्या थोरल्या बहिणीचा. ताराआत्या. साताऱ्याकडच्या आमच्या गावात असतात, पण त्यांचा आवाज फोनशिवायही नवी मुंबईत ऐकू यावा असा. त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षांची बाई दप्तर घिऊन जाणार? आन् पोरांनी काय करायचं, सैपाक?"

मी मनावर घेतलं नाही. अभ्यास केला. लेखी परीक्षेत बऱ्यापैकी मार्क मिळवले. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात.

माझा एक दोष आहे. एकटी असले की माझे हात झकास चालतात. पण कुणी बघायला लागलं की ते थरथरतात. लग्नात सप्तपदीच्या वेळी माझ्या हातातली सुपारी निसटून भटजींच्या मांडीवर गेली होती, तेव्हापासूनचं हे आहे. आणि नर्सिंगच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक येतात, ज्यांना आम्ही सगळ्या नुसतं 'एक्स्टर्नल' म्हणतो, त्यांचं कामच मुळी बघण्याचं! त्या पहिल्या वेळी एक्स्टर्नल माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पेशंटच्या डोक्याला पट्टी बांधा." मी बांधली. ती डोक्यावरून कपाळावर आली, कपाळावरून डोळ्यांवर, तिथून नाकावर जरा थांबली आणि शेवटी गळ्यात जाऊन बसली. पेशंट बिचारा समजूतदार होता. तो म्हणाला, "मॅडम, मला बरं वाटतंय. मी जाऊ का?"

मी नापास झाले.

फेरपरीक्षा सोमवारी होती. तीत नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि निम्म्या वयाच्या पोरींबरोबर पुन्हा तेच सगळं करण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी रागारागात घरी सांगून टाकलं, "ह्या वेळी नापास झाले तर सोडलं शिक्षण! युनिफॉर्म बोहारणीला देऊन टाकीन." ही बातमी गावाला पोचली. ताराआत्यांचा लगेच फोन आला. "देशील तवा पातेलं मोठं घे. झाकणाचं."

त्या झाकणाच्या पातेल्यानं माझं डोकं फिरलं. दोन दिवस मला जेवताना ताटात पातेलं दिसत होतं. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, बोहारणीला दारात उभं करायचं नाही. मुलांना माहेरी ऐरोलीला पाठवलं, पट्ट्यांची पिशवी काढली आणि रविवारी सकाळी आप्पांना म्हटलं, "आप्पा, माझा पेशंट व्हाल का?"

"व्हतो की! आयुष्यभर लोखंड उचललंय, तुझ्या पट्टीला भितो व्हय?"

आप्पा दिवाणावर पसरले. आमचा दिवाण भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्यांचा डावा पाय भिंतीकडे आणि उजवा माझ्याकडे. मी उजव्या घोट्याला आठच्या आकड्याची पट्टी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. मग डोक्याची पट्टी बांधली, जी नीट जमली तर टोपीसारखी बसते. मग हात झोळीत अडकवला. सगळं सुरेख जमत होतं. जमणारच! बघायला फक्त आप्पा होते आणि ते घोरत होते.

अकरा वाजता सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवं, मटण कोण आणणार? रविवारचं रांगंत हुबं राहावं लागतं."

दिलीप बंदरावर गेला होता. माझे हात पट्ट्यांत. आप्पा उठले आणि डोक्याची पट्टी काढायला लागले.

आणि इथे मी ती चूक केली. आमच्या ट्यूटर मॅडम नेहमी सांगायच्या, पेशंट चालला-फिरला तरी सरकत नाही ती खरी पट्टी. माझ्या मनात आलं, तपासून बघायची याहून चांगली संधी कुठली? मी म्हणाले, "थांबा आप्पा! तसेच जाऊन या. बघू तरी टिकते का."

"असंच? मटणाला?"

"माझ्या परीक्षेसाठी!"

आप्पांनी क्षणभर विचार केला. मग डाव्या हातात पिशवी घेतली आणि डोक्याला, हाताला, पायाला पट्ट्या अशा थाटात ते रविवारचं मटण आणायला निघाले.

अर्ध्या तासानं परत आले ते राजासारखे. (एरवी दीड तास लागतो.) "सूनबाई, काय सांगू! मला बगितल्याबरुबर रांगच फाटली. लोकं म्हनाली, काका, तुमी आदी घ्या. मटणवाल्यानं नळ्या जादा घातल्या. म्हनला, हाडं जुळायला बऱ्या."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काय म्हनतोय? मी नुसतं जरा कण्हलो."

मी आधी पट्ट्या तपासल्या. एकही सरकली नव्हती! मी आनंदानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच फोन वाजला.

दिलीप होता. बंदराच्या गेटवर ट्रेलरच्या रांगेतून बोलत होता. "आप्पांना काय झालं? खरं सांग. मी गाडी इथेच सोडून येऊ का?"

"काही झालं नाही!"

"मग भावकीच्या ग्रुपवर फोटो आलाय तो?"

झालं होतं असं की मटणाच्या रांगेत आप्पांचे जुने सोबती पांडूतात्या उभे होते. माणूस भला, पण हातात मोबाईल आल्यापासून बातमीदार झालेला. त्यांनी आप्पांचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "श्रीपती आप्पांना भीषण अपघात. प्रकृतीस आराम पडो." फोटोत आप्पा खिम्याकडे बघत होते, पण चेहऱ्यावर भाव असे की डोळे मिटायचेच काय ते बाकी आहेत.

"आप्पा, आत्ताच्या आत्ता ग्रुपवर खरं कळवा," मी म्हणाले.

आप्पांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहिलं, "मी बरा आहे. काळजी नसावी." आणि पाठवून दिलं.

मी कपाळाला हात लावला. आमच्या गावात 'काळजी नसावी' असं कळवलं की लोक गाडी ठरवायला पळतात! फार पूर्वीपासून कुणाचं काही बरंवाईट व्हायचं असलं की गावाला हेच कळवतात. आम्ही जेवायला बसतोय तोवर पांडूतात्यांनी तिथे लिहिलं, "ताराआक्का निघाल्या. जीप केली आहे." मी आत्यांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्यांचा फोन बहुतेक पिशवीत, लुगड्याच्या घडीत, नेहमीसारखा बंद.

"येऊ दे," आप्पा नळी चोखत म्हणाले. "आक्का आल्यावर सांगू की. आदी जेवू तरी दे सुखानं."

जेवून ते तसेच पट्ट्यांसकट झोपले. मीही म्हटलं, झोपू दे, संध्याकाळी ह्याच पट्ट्या पुन्हा सोडून बांधू. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

शेजारच्या सामंत काकू. हातात शहाळं. आजाऱ्याला भेटायला जायचं ते रिकाम्या हातानं नाही आणि गप्प बसून नाही, हे दोन नियम काकू कधी मोडत नाहीत. मी दारातच सांगितलं, "काकू, आप्पांना काहीही झालेलं नाही. ही माझी प्रॅक्टिस आहे. उद्या परीक्षा आहे ना माझी!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आत झोपलेल्या आप्पांकडे बघितलं. मग माझा हात धरून मला जिन्यात नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कळलं हो मला. शहाणी आहेस. पेशंटच्या समोर असंच बोलायचं असतं. आमच्या ह्यांच्या वडिलांनाही आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं."

"अहो काकू, खरंच काही नाही!"

"धीराची आहेस ग बाई," असं म्हणून काकूंनी डोळे पुसले.

इथून पुढे माझं काही चाललं नाही. मी जितकं जोर देऊन सांगावं की ते बरे आहेत, तितकी आप्पांची प्रकृती खालावत होती! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मी सांगितलं, "नुसती पट्टी आहे हो!" तर त्या म्हणाल्या, "मेंदूला मार आहे का?" सोसायटीचे सेक्रेटरी आले ते सफरचंदं आणि "काही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा" घेऊन. सासूबाई चहा करत होत्या. आल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय पाठवायचं नाही, मग पेशंट खोटा असला तरी! दूध संपलं. सामंत काकूंनी दूध आणलं. ते संपलं.

एवढ्यात आप्पांच्या बाजारातल्या टोळीतली सगळी माणसं आली. लोखंडाच्या सळ्या खांद्यावर पेलणारी माणसं ती, आमच्या हॉलमध्ये आली आणि हॉलच संपला. त्यांचे मुकादम हणमंतराव दिवाणापाशी उभे राहिले आणि दात आवळून म्हणाले, "आप्पा, कुठल्या गाडीनं उडवलं? नुसता नंबर सांगा."

आप्पा एव्हाना जागे झाले होते. माणसं, सफरचंदं, शहाळी आणि हणमंतरावांच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. मी खुणेनं सांगत होते, सांगा, खरं सांगा! पण आयुष्यभर ह्या माणसाला भेटायला कुणी सफरचंद घेऊन आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "जाऊ दे हणमंता. त्यांचीबी पोटंबाळं असतील."

हणमंतराव हुंदका देऊन बाल्कनीत गेले. मी आप्पांना असा चिमटा काढला की त्या दिवसातली त्यांची पहिली खरी इजा तीच!

"आप्पा, आवरा हे!"

"आता कसं आवरू? इतक्या लांबनं आल्यात लोकं. खोटं हाय म्हनलं तर मला खरंच मारतील."

आणि तेव्हाच जिन्यातून तो आवाज आला. "शिरपाऽऽ! कुठं हायस रं माज्या लेकराऽऽ!"

ताराआत्या आल्या. मागे भावकीतली चारपाच माणसं. आणि सगळ्यांच्या मागे, तेलाची बाटली काखेत धरून, गावचे हाडवैद्य नामदेवबुवा! आत्यांनी त्यांना शेतातून उचलून जीपमध्ये घातलं होतं. बुवांच्या पायाला अजून चिखल होता. सगळं गाव त्यांना ओळखतं ते त्यांच्या ओढण्यामुळे. कुठलंही दुखणं असो, बुवा आधी तो भाग धरतात आणि ओढतात. त्या ओढण्यावर माणूस किंचाळला की बुवा म्हणतात, "बसलं."

आत्यांनी आप्पांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. रडणं एकदम थांबलं. "ही फडकी कुणी बांधली?"

"मी," मी म्हणाले.

"तू? का, डॉक्टर मेले व्हय ह्या गावातले? बुवा, सोडा ते. वढून बघा."

बुवांनी हातांना तेल चोळायला सुरुवात केली. आप्पांचे डोळे टक्क उघडले. मी आजवर त्यांना वाघासारखा माणूस समजत होते. त्यांनी माझा पदर धरला.

मी मध्ये उभी राहिले. कशी कोण जाणे! माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, "माझ्या पेशंटला कुणी हात लावायचा नाही."

आत्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, बरोब्बर माझ्यासमोर मांडली आणि तीवर ठाण मांडून बसल्या. "तुजा पेशंट? बरं. मग सोड ती पट्टी आन् माज्यासमोर परत बांद. बगू दे तरी, वर्सभर काय शिकलीस ते."

माझे हात थरथरायला लागले. समोर आत्या. त्यांच्या मागे बुवा. त्यांच्या मागे टोळी, भावकी, सामंत काकू, सेक्रेटरी, आणि दारात चपलांच्या ढिगावर उभी असलेली मंडळी. सगळे बघत होते. पट्टीचं टोक माझ्या बोटांत सापडेना. माझ्या डोळ्यांसमोर पातेलं आलं. झाकणाचं.

आणि मला राग आला. मनापासून राग आला. पहाटे उठून डबे करून मी कॉलेजला गेले होते. वॉर्डात ज्यांना कुणी नाही त्यांची अंगं पुसली होती, बेडपॅन धुतली होती, घरी येऊन पोळ्या लाटता लाटता हाडांची नावं पाठ केली होती. मला हे काम आवडत होतं! लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी मला स्वतःला हवं होतं, आणि ते मी एका पातेल्यासाठी सोडणार होते?

"चपला बाहेर काढा," मी म्हणाले. कुणी हललं नाही. "चपला बाहेर!" मी ओरडले. टोळीतली माणसं दचकून चपला काढायला वाकली. "सेक्रेटरी, खिडकीतून बाजूला व्हा, उजेड अडतोय. काकू, पेशंटशी बोलू नका, थकतात ते. बुवा, तुम्ही तेलाचे हात पुसा आणि मागे उभे राहा. आणि आत्याबाई, तुमची खुर्ची जरा मागे घ्या."

ताराआत्यांनी खुर्ची मागे घेतली. हे मी अजून कुणाला सांगितलं तर कुणी खरं मानत नाही.

मी हात धुतले. शिकवल्याप्रमाणे आधी पेशंटला सांगितलं, "आप्पा, आता मी तुमच्या उजव्या पायाला पट्टी बांधणार आहे. घाबरू नका." आणि मी बांधायला घेतली. एक वेढा घोट्याला, एक तळव्याखालून, वर, पुन्हा खाली. कधी संपली ते मला कळलंही नाही. संपल्यावर माझ्या लक्षात आलं की हात थरथरत नव्हते.

आत्या उठल्या. पट्टीत बोट घालून बघितलं, हिसका देऊन बघितला. पट्टी हलली नाही. आत्या काही बोलल्या नाहीत. आत्या गप्प असणं हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना.

"पट्टी झ्याक हाय," नामदेवबुवा म्हणाले. "पर एवढ्या लांब आलोयच, तर एकडाव वढतोच."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी आप्पांचं पाऊल दोन्ही हातांनी धरलं!

आप्पा जे उठले ते थेट उभेच राहिले. झोळीतला हात झोळीतून सुटला. उशी बुवांच्या तोंडावर बसली. आप्पांनी दिवाणावरून उडी मारली, टोळी पार केली, सफरचंदं तुडवली आणि "नगं बुवा, काय झालं न्हाई मला!" असं ओरडत ते जिन्यातून खाली धावले. मागे बुवा तेलाची बाटली घेऊन. बुवांच्या मागे हणमंतराव आणि सगळी टोळी. खाली पार्किंगमध्ये आप्पांनी दोन फेऱ्या मारल्या, पाण्याच्या टाकीवर चढले आणि तिथून हात जोडून सगळ्यांना खरं सांगितलं. मटणासकट.

मी बाल्कनीतून हे बघत होते. खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण मी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी ओरडले, "बघा! पट्टी सुटली नाही! अजिबात सुटली नाही!"

मग जे व्हायचं ते झालं. हणमंतराव आप्पांशी महिनाभर बोलले नाहीत. सामंत काकूंनी शहाळं परत मागितलं नाही, पण त्याच्याकडे दोनदा बघितलं. दिलीप बंदरावरून आला तो जिन्यातल्या चपला बघून तिथेच मटकन बसला. त्याला उठवून आणखी मटण आणायला पाठवलं, कारण घाट उतरून आलेली माणसं नुसत्या चहावर परत कशी जाणार? सासूबाईंनी पुन्हा चूल मांडली. ताराआत्या जेवल्या, हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता निघणार पातेलं.

"काय गं, उद्या ती परीक्षेवाली बाई माज्यापरीस वंगाळ बगंल का?"

मी विचार केला. "नाही, आत्याबाई. तुमच्यापेक्षा वाईट कुणी बघूच शकत नाही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर असा हात मारला की मला ठसका लागला.

सोमवारी एक्स्टर्नल माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या वेळची पट्टी सरकत गेली. पेशंटचा पाय मुरगळला होता. उजवाच! मी हात धुतले, पेशंटला समजावलं, बांधायला घेतली, आणि आदल्या दिवसाची सवय तोंडातून निसटली. "मॅडम, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय. आणि पेशंटशी बोलू नका, थकतात ते."

आमच्या ट्यूटर मॅडमनी भिंतीचा आधार घेतला. एक्स्टर्नल चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या! पट्टी झाल्यावर त्यांनी ती ओढून बघितली.

"घरी प्रॅक्टिस केलीत वाटतं. कुणावर?"

"सासऱ्यांवर."

"कसे आहेत ते?"

"त्यांना काहीही झालेलं नव्हतं!" मी कळवळून म्हणाले. त्यांनी मात्र पहिल्याच वेळी विश्वास ठेवला. मी पास झाले.

त्यानंतर प्रत्येक परीक्षेच्या आधी आप्पांना काही ना काही होत राहिलं. कधी फ्रॅक्चर, कधी भाजणं, आणि एकदा तर, मिडवाइफरीच्या वर्षी, त्यांनी पोटावर उशी बांधून जे केलं ते मी इथे लिहीत नाही. पांडूतात्या इमानदारीनं फोटो टाकत राहिले. आता गावातून जीप येत नव्हती, 'ऑल द बेस्ट' येत होतं.

तीन वर्षं झाली. शेवटचा निकाल लागला, कौन्सिलची नोंदणी झाली. मी रजिस्टर्ड नर्स झाले! आप्पांना इतका आनंद झाला की पेढ्यांचा पुडा घेऊन ते सगळ्या सोसायटीला वाटायला धावत सुटले, आणि जिन्यात शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय खरोखर मुरगळला.

पायरीवर बसून ते विव्हळत होते. सामंत काकूंनी दार किलकिलं करून बघितलं. "चालू दे प्रॅक्टिस," असं म्हणून दार लावून घेतलं. दिलीपनं फोनवर सांगितलं, "सविता, मी रांगेत आहे, मस्करी नको यार." पांडूतात्यांच्या फोटोखाली भावकीनं अंगठे दाखवले. ताराआत्यांना मी स्वतः फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आता कुठल्या वर्साची परीक्षा हाय?"

म्हणजे आप्पांना आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझा पहिला खरा पेशंट! मी पिशवी आणली. उजेड बघितला. त्यांना धीर दिला. आणि एकदाही हात न थरथरता, भराभर, डोळे मिटूनही जमेल अशी आठच्या आकड्याची सुंदर पट्टी बांधली. एकही वेढा चुकला नाही. ताराआत्यांनी हिसका देऊन बघितला असता तरी हलली नसती.

"कसं वाटतंय आप्पा?" मी अभिमानानं विचारलं.

आप्पांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दात आवळून, अगदी हळू, माझा मान राखून म्हणाले, "लई झ्याक बांदलीयास, सूनबाई. पर मुरगळलाय तो डावा."